पासंग बरोबर, तरी माप खोटं

धानाची चुरणी सुरू झाली, आता माप सुरू होईल. म्हणून आज जुन्या तराजूची गोष्ट.

लहानपणी मी बाबांसंगं बंडीवर बसून धान विकायला जायचो. व्यापाऱ्याकडं दांडीचा मोठा तराजू होता. बाबा आधी रिकामा तराजू पाहत. एका पारड्याला दगडाचा तुकडा बांधलेला, तोच पासंग. काटा मधोमध. व्यापारी म्हणे, "पाहून घ्या, बरोबर हाये ना?" बरोबरच दिसायचं. तरी घरच्या अंदाजापेक्षा धान कमी भरायचं. बाबा म्हणत, "वाळलं असंल."

गोम होती दांडीत. लांब दांड्याच्या पान्यानं घट्ट नट सहज सुटतो. फिरवायचा जोर म्हणजे वजन गुणिले टेकूपासूनचं अंतर. पुस्तकात त्याला आघूर्ण म्हणतात, ट्रॅक्टरवाले टॉर्क. ग्रीसच्या आर्किमिडीजनं इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातच हा नियम मांडला.

आता हिशेब करा. ६० सेंमीची दांडी, टेकू फक्त ३ मिमी सरकलेला. एक बाजू ३०.३, दुसरी २९.७. वजनं लांब बाजूला, धान आखूड बाजूला. २० किलोच्या वजनासमोर धान लागतं २० किलो ४०४ ग्रॅम. क्विंटलला पाच मापं, म्हणजे दोन किलोवर धान फुकट गेलं! रिकाम्या तराजूत हे दिसत नाही, कारण पासंग फक्त रिकामी पारडी सारखी करतो. भुजा सारख्या करत नाही.

ही चोरी आजची नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मापांवर देखरेख ठेवणारा पौतवाध्यक्ष आहे. वजनं लोखंडाची किंवा मगध अन् मेकलच्या दगडाची असावीत, असं त्यात लिहिलंय. मेकल म्हणजे आपल्या उत्तर-पूर्वेचा मैकल डोंगर. आपल्याकडं पायली, कुडो, खंडी, शेर, मण चालत. १९५६ च्या कायद्यानं अन् १ ऑक्टोबर १९५८ पासून हळूहळू किलो आला. वजनं बदलली, पण टेकूचा नियम तोच राहिला.

खोटी दांडी ओळखायची कशी? तोल साधल्यावर पारडी तशीच ठेवा, फक्त माल अन् वजनं यांची अदलाबदल करा. दांडी खरी असंल तर काटा हलणार नाही. वरच्या तराजूत धानाचं पारडं खाली जाईल; तोल साधायला २० किलो ८१६ ग्रॅम वजन लागंल. दोन्ही आकड्यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ काढा, खरं वजन निघतं, २०.४०४. साधी सरासरी काढली तरी चारच ग्रॅमचा फरक.

फ्रान्सच्या बोर्डानं अठराव्या शतकात वापरलेली रीत याहून सोपी. मालासमोर रेती घालून तोल साधा. मग माल काढून त्याच पारड्यात खरी वजनं ठेवा. भुजा कशाही असोत, उत्तर खरं.

आता इलेक्ट्रॉनिक काटे आलेत, त्यात दांडी नाही. तरी २० किलोचं मुद्रांकित वजन मधात अन् चारही कोपऱ्यांत ठेवून पाहा. आकडा सगळीकडं सारखाच यायला हवा. काट्यावर वैधमापनचा चालू वर्षाचा शिक्का आहे का, तेही बघा.

बाबांना ही अदलाबदल कोणी सांगितली असती, तर ते "वाळलं असंल" म्हणून गप्प बसले नसते. तुम्ही मात्र मापाच्या आधी एकदा विचाराच.