काळविटांचा तो हिवाळा : शिकार, जमीन आणि मर्यादेचा प्रश्न

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं, की तत्त्वज्ञानाचा माणूस इतिहासावर बोलतो तेव्हा स्वतःच्या गावाबद्दल का बोलत नाही? प्रश्न रास्त आहे. म्हणून आज मी आमच्या शेतातल्या शिकारीबद्दल बोलणार आहे. विषय अवघड आहे, कारण त्यात आमच्या घराचा दोष आहे. तो मी झाकणार नाही.

आमचं गाव परतूर तालुक्यात, दुधना नदीच्या काठी. आज हा तालुका जालना जिल्ह्यात आहे, पण मी सांगतोय तेव्हा तो परभणीत होता. जालना जिल्हा झाला १ मे १९८१ ला. मी सांगतोय तो हिवाळा १९६१-६२ चा. मी बारा वर्षांचा होतो.

आमची जमीन दोन प्रकारची होती. नदीकडे काळी, तिच्यात जवारी, करडई, हरभरा. वरच्या अंगाला माळ, नुसतं कुसळी गवत आणि बोरी-बाभळी. या माळावर काळविटांचे कळप असायचे. आम्ही सरसकट 'हरणं' म्हणायचो, पण शास्त्राच्या दृष्टीने काळवीट हे हरीण नव्हे. चितळाची, सांबराची शिंगं दरवर्षी गळतात आणि नवी येतात. काळविटाची पीळदार शिंगं जन्मभर टिकतात. नर वयाबरोबर काळा होत जातो, मादी तांबूसच राहते. आणि हा जंगलातला प्राणी नाही, मोकळ्या माळाचा आहे. झाडी नसलेल्या मराठवाड्यात तो इतका का होता, याचं उत्तर यातच आहे.

आता बघा, या प्राण्याशी आपलं नातं किती जुनं आहे. आमच्यापासून गोदावरी फार दूर नाही, आणि तिच्या काठी पैठण. तिथल्या सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेल्या 'गाथा सप्तशती'त व्याध आणि हरणं वारंवार येतात. एका गाथेत हरणांची जोडी आहे. बाण येणार म्हणून दोघंही एकमेकांना वाचवायला पुढे होतात, आणि ते पाहून व्याधाच्या डोळ्यांत पाणी येतं, तो धनुष्य टाकून देतो. ही कविता राजवाड्यातल्या माणसाला सुचली असेल, पण तिच्यातला माणूस शिकारी आहे हे विसरू नका.

दुसरीकडे, मनुस्मृती सांगते की काळवीट जिथे आपणहून वावरतो तो देश यज्ञाला योग्य. मुंजीत बटूच्या जानव्याला कृष्णाजिनाचा तुकडा बांधतात, तो याच प्राण्याच्या कातड्याचा. आमच्याकडे शिकार झाली की कातडं गावातल्या जोशीबुवांकडे जायचं. बुवा मांसाचा वासही सहन करत नसत, पण पूजेला त्याच कातड्यावर बसत. लहानपणी मला याचं हसू यायचं. आता वाटतं, प्राणी मारायचा कुणी आणि पुण्य कुणाचं, ही वाटणीसुद्धा समाजव्यवस्थेचाच भाग होती.

तर शिकार कशी व्हायची? काकांकडे ठासणीची बंदूक होती, पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची. १९५९ च्या शस्त्र कायद्यातही अशा बंदुकीची वेगळी तरतूद आहे. ती भरायला वेळ लागायचा. बार एकच, आणि पन्नास-साठ पावलांपलीकडे नेम धरायचा म्हणजे देवाच्या भरवशावर. पौषात हरभऱ्याला घाटे धरू लागले की कळप पहाटे वावरात उतरायचे. काका बांधाआड पालथे पडून राहायचे. दहा वेळा गेले तर आठ वेळा हात हलवत परत यायचे. सबंध सुगीत एक, फार तर दोन काळविटं. मग पळसाच्या पानांवर वाटे पडायचे, सालगड्यांपासून सगळ्यांचे.

काकांना माग दाखवायला गावाबाहेरच्या पालावरचे एक वृद्ध फासेपारधी यायचे. आम्ही मुलं त्यांना नाना म्हणायचो. नाना बंदूक वापरत नसत. त्यांचे फास असायचे, कळपाच्या वाटेवर लावलेले. फासात गाभण मादी किंवा पाडस अडकलं तर ते सोडून द्यायचे. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पुढे माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी फासेपारध्यांचा अभ्यास केला, त्यात हीच रीत नोंदवलेली वाचली, तेव्हा मला नाना आठवले.

आता त्या हिवाळ्याकडे येतो. महाराष्ट्राचा शेतजमीन कमाल धारणेचा कायदा १९६१ ला झाला आणि २६ जानेवारी १९६२ पासून लागू झाला. आपण त्याला सीलिंग म्हणतो. आमच्या घरात तेव्हा दुसरा विषय नव्हता. किती एकर राहणार, किती जाणार? काकांना कुणीतरी सुचवलं, शहरातल्या वजनदार माणसांशी ओळख ठेवा. त्यातल्या काहींना शिकारीचा शौक होता. काकांनी आमंत्रण दिलं.

पाहुणे संक्रांतीच्या सुमारास आले. एक जीप, दोन रायफली आणि एक मोठा सर्चलाइट. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी जिपा मोडीत निघून खासगी हातात गेल्या आणि देशभर काळविटांचा संहार त्यांनीच केला, हे पुढे वाचलं. त्या रात्री मात्र मला फक्त मजा वाटत होती. मी मागे बसलो होतो. प्रकाशाचा झोत पडला की कळप जागच्या जागी थिजायचा. नुसते हिरवे डोळे चमकायचे. बार, आणि एक जोडी विझायची. लपायला नको, वाट पाहायला नको. सकाळी वाड्यापुढे अकरा काळविटं ओळीने पडली होती. त्यात सात माद्या.

नाना आले, ओळीवरून चालत गेले आणि एका मादीजवळ बसले. तिच्या पोटावर हात ठेवून काकांना म्हणाले, "मालक, ही गाभण हाय. पुढच्या सालाचं बी खाल्लं तुमी." काका काहीच बोलले नाहीत. आजीने त्या दिवशी चूल पेटवू दिली नाही. पाहुणे दोन काळविटं घेऊन गेले. बाकीचं मांस गावालाही संपलं नाही. हिवाळ्यात आणखी दोनदा जीप आली. चैतापर्यंत माळ सुना झाला होता.

आणि जमीन? नियमाप्रमाणे जायची ती गेलीच. उरलेली भावांत वाटली गेली, आणि प्रत्येकाने आपल्या वाट्याचा माळ नांगरला. म्हणजे बंदुकीतून जे वाचलं असतं त्याचं घर नांगराने गेलं. मी सीलिंगच्या विरोधात नाही. भूमिहीनाला जमीन मिळालीच पाहिजे. पण माळ म्हणजे 'पडीक', हा आपल्या सगळ्यांचा समज त्यात घट्ट झाला.

महाभारताच्या आदिपर्वात पांडूची कथा आहे. हरणाच्या रूपात क्रीडा करणाऱ्या किंदम ऋषीला तो बाण मारतो. गंमत अशी की ऋषीचा आक्षेप शिकारीवर नाही. पांडू म्हणतो, मृगया हा राजाचा धर्म आहे. ऋषी म्हणतो, मारलंस याबद्दल बोलत नाही, ज्या वेळी मारलंस त्याबद्दल बोलतोय. म्हणजे प्रश्न मर्यादेचा आहे. काकांच्या बंदुकीत मर्यादा तिच्या दुबळेपणामुळे होती, ती काकांची नव्हती. म्हणून जीप येताच ती गळून पडली. नानांची मर्यादा मात्र त्यांची स्वतःची होती. फास तोडून पाडसाला सोडणं त्यांना परवडत नव्हतं, तरी ते सोडत.

पुढे १९७२ साल उजाडलं. मराठवाड्यात भीषण दुष्काळ. माणसं खडी फोडत होती, मिलो आणि सुकडी खात होती. त्याच वर्षी सप्टेंबरात वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि काळवीट पहिल्या अनुसूचीत गेलं, वाघाच्या पंक्तीला. कायदा हवाच होता. तो नसता तर आज मी एका नामशेष प्राण्याबद्दल बोलत असतो. चित्त्याचं काय झालं ते आपल्याला माहीत आहे. काळविटाच्या शिकारीसाठी पाळलेला तो प्राणी १९५२ ला देशातून संपल्याचं जाहीर झालं.

पण कायद्याचा भार कुणावर पडला? पाहुण्यांनी रायफली कपाटात ठेवल्या आणि दुसरा छंद शोधला. नानांच्या मुलांचा मात्र पोटाचा धंदाच गुन्हा ठरला. ब्रिटिश मुलखात १८७१ च्या कायद्याने अशा जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला होता, तो १९५२ ला कागदावरून पुसला गेला. वीस वर्षांत दुसऱ्या दाराने तो परत आला. ज्यांना गाभण मादी ओळखता येत होती, त्यांना रक्षक म्हणून नेमावं, हे कुणाला सुचलं नाही.

आज आमच्या भागात हरणं आहेत, रोही आहेत, रानडुकरं तर आहेतच. माझा पुतण्या रात्र रात्र शेतात बसतो, बांधावर जुन्या साड्या बांधतो. नुकसानभरपाईची योजना आहे, पण पंचनामा, अर्ज, हेलपाटे यांत त्याचे दिवस जातात. तो मला म्हणतो, "आप्पा, तुम्ही लोकांनी मारली आणि आम्ही राखण करायची?" त्याला माझ्याकडे चोख उत्तर नाही. एवढंच म्हणतो, की काळविटाला जगवण्याचा खर्च एकट्या कोरडवाहू शेतकऱ्याने आणि एकट्या पारध्याने सोसावा, हा न्याय नाही. माळ उरला असता तर हरभऱ्यावरचा भार काही तरी हलका झाला असता.

गेल्या वर्षी गावी गेलो होतो. पहाटे बांधावर उभा होतो. धुक्यातून सात-आठ हरणं हरभऱ्यात उतरली, पुढे एक काळा नर. पुतण्या गोफण घेऊन निघाला होता. मी म्हटलं, "थांब जरा." तो थांबला. दहा मिनिटं आम्ही दोघं बघत उभे राहिलो. मग त्याने हाकारा घातला, आणि ती गेली. हाकारा घालण्याचा त्याचा हक्क होता. थांबायला सांगण्याचा माझा कितपत होता, हा प्रश्न तुमच्यावर सोपवून थांबतो.