दहा मिनिटांचं अंतर

१३ मार्च २००६, सोमवार. लंडनच्या नॉर्थविक पार्क हॉस्पिटलच्या आवारातला एक खासगी चाचणी कक्ष. आठ धडधाकट तरुण, प्रत्येकी सुमारे दोन हजार पौंड मानधन. ‘टीजीएन १४१२’ हे प्रतिपिंड माणसाला प्रथमच दिलं जाणार होतं. माकडांनी जी मात्रा सहज पचवली, तिचा जेमतेम पाचशेवा भाग.

सकाळी ८
पहिल्या तरुणाच्या शिरेत औषध गेलं. दहा मिनिटांनी दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या. सहा जणांना खरं औषध, दोघांना नुसतं द्रावण.

प्रतिकारशक्तीच्या टी पेशी एरवी एका इशाऱ्यावर पेटत नाहीत. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, तसे त्यांना दोन संकेत लागतात: एक शत्रूची ओळख पटल्याचा, दुसरा ‘सीडी२८’ या ग्राहीकडून. या औषधानं सीडी२८ च्या एकाच किल्लीवर कुलूप उघडलं. शरीरात शत्रू नव्हता, तरी टी पेशी कामाला लागल्या.

पहिला तास
रक्तात टीएनएफ-अल्फा वाढू लागलं. हा दाहाचा पहिला निरोप. तो मिळताच रक्तवाहिन्यांचं अस्तर चिकट होतं, पांढऱ्या पेशी तिथे अडकतात, पेशींमधल्या फटी रुंदावतात.

दीड तासाच्या आत
सहाही जणांना त्रास सुरू झाला. डोकेदुखी, अंगदुखी, मळमळ, जुलाब, अंगावर लाली. पाठोपाठ ताप चढला, रक्तदाब घसरला.

चौथा तास
इंटरफेरॉन-गॅमा, इंटरल्यूकिन-२, ६, १० या रसायनांचीही पातळी चढलेली. एका पेशीचं रसायन दुसरीला चेतवतं, ती आणखी रसायनं सोडते. जखमेभोवती हीच साखळी आपला जीव वाचवते. इथे ती सर्वांगात एकाच वेळी सुटली.

१२ ते १६ तास
सहाही जण अत्यवस्थ. रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपलेला, फुफ्फुसांना इजा, मूत्रपिंडं निकामी, सूक्ष्म वाहिन्यांत गुठळ्या. सगळे अतिदक्षता विभागात. मेथिलप्रेडनिसोलोनचे मोठे डोस, इंटरल्यूकिन-२ चा ग्राही रोखणारं प्रतिपिंड, डायलिसिस.

२४ तासांच्या आत
रक्तातल्या लिम्फोसाइट आणि मोनोसाइट पेशी जवळपास नाहीशा झालेल्या.

पुढचे दिवस
दोघांना अनुक्रमे ८ आणि १६ दिवस यंत्रांचा आधार लागला. सहाही जण वाचले, पण एकाला हातापायांच्या बोटांचे भाग गमवावे लागले.

कारण
त्या माकडांच्या ‘इफेक्टर मेमरी’ प्रकारच्या टी पेशींवर सीडी२८ नसतोच, हे संशोधकांनी २०१० मध्ये दाखवलं. माणसात तो असतो. ज्या पेशी पेटणार होत्या, त्यांची परीक्षा माकडांत झालीच नव्हती.

पण माकडांनी दिशाभूल केली, तरी घड्याळाकडे पाहिलं असतं तर सहा जणांपैकी पाच या यातनांतून वाचले असते. रसायनांचा भडका दिसायला तास लागतो आणि पुढच्या माणसाला औषध दिलं दहा मिनिटांत. युरोपीय औषध नियामकांनी २००७ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं आणली: आधी एकाच माणसाला औषध द्या, थांबा, निरखा, मात्राही शरीरात किमान परिणाम दिसायला किती औषध पुरतं, यावरून ठरवा. प्रतिकारशक्तीला हात घालणाऱ्या प्रत्येक औषधाच्या पहिल्या डोसनंतर वाट पाहणं हा उशीर नव्हे, तो चाचणीचाच भाग आहे. घाईत असलेल्या प्रत्येक प्रयोगशाळेला हे ठणकावून सांगायला हवं.