निराशेनंतरची श्रद्धा : रमाबाई आणि टिळक

इन्सुलीहून बांद्याकडे जाणारा रस्ता पुढे पत्रादेवीला गोव्याच्या हद्दीत शिरतो. या पट्ट्यातल्या माणसाला ख्रिस्ती धर्म परका नाही. शेजारचे घर, वाटेवरचा खुरीस, चर्चचे फेस्त यांतून तो लहानपणापासून ओळखीचा झालेला असतो. हा धर्म पिढीजात आहे. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात भेटणारा ख्रिस्ती माणूस मात्र बहुधा वेगळा असतो. बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई, नारायण वामन टिळक यांनी हा धर्म विचारान्ती, आणि जबर किंमत मोजून, स्वीकारला.

या भेदाला श्रद्धेच्या दृष्टीने महत्त्व आहे. पिढीजात भाविक पाद्र्यावर रुसला तरी लग्न, दफन आणि सण त्याला धरून ठेवतात. धर्मांतरिताला हा आधार नसतो. जुन्या घराचे दार बंद झालेले असते, आणि ‘आम्ही म्हटलेच होते’ असे म्हणायला समाज टपलेला असतो. त्यामुळे त्याची निराशा दुहेरी ठरते : ती सोसायचीही आणि लपवायचीही. रमाबाई आणि टिळक यांनी ती लपवली नाही, म्हणून त्यांचा विचार येथे करायचा आहे.

रमाबाईंचे आईवडील दुष्काळाच्या फेऱ्यात गेले, १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती. १८८३ च्या सप्टेंबरात इंग्लंडमधील वाँटेज येथे लहानग्या मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु ज्या मठाने त्यांना आश्रय दिला, त्याच्याशीच त्यांचा वाद जुंपला. त्रैक्यासारख्या सिद्धान्तांवर त्या प्रश्न विचारीत, आणि वरिष्ठांची अपेक्षा नम्र स्वीकाराची होती. पुरोहितवर्गाचे जोखड महत्प्रयासाने फेकल्यावर दुसरे तसलेच जोखड मानेवर घेणार नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी सिस्टर जेराल्डिन यांना धाडले. हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. मराठी विचारविश्वाच्या अभ्यासकाने तो अवश्य वाचावा.

पुढचा आघात मायदेशी झाला. १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेले शारदासदन पुण्यास आले. तेथे मुलींवर ख्रिस्ती संस्कार होतात या आरोपावरून १८९३ मध्ये रानडे, भांडारकर आदी सल्लागारांनी अंग काढून घेतले व अनेक मुली घरी नेल्या गेल्या. एकीकडे चर्चला त्या पुरेशा ख्रिस्ती वाटत नव्हत्या, दुसरीकडे पुण्याला त्या फार ख्रिस्ती वाटत होत्या. १९०७ साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात रमाबाई कबूल करतात की बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षांनी, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला पण ख्रिस्त सापडला नाही, हे त्यांना उमगले. धर्मांतरिताने अशी कबुली देणे म्हणजे विरोधकांच्या हाती शस्त्र देणेच होय. रमाबाईंच्या श्रद्धेचा पुढचा, अधिक खोल टप्पा मात्र याच जाणिवेतून सुरू झाला.

टिळकांची वाट निराळी. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव हे त्यांचे जन्मगाव. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या. त्या काळाचे दुःख ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला सांगायला नको. लक्ष्मीबाई परतल्या, त्यांनीही धर्म स्वीकारला. परंतु अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये टिळकांना दुसरी खंत जाळू लागली : ख्रिस्त पौर्वात्य, आणि त्याची मंडळी मात्र परदेशी पैशावर व परदेशी रीतीवर चालणारी. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती धरली आणि ‘देवाचा दरबार’ या कल्पनेला वाहून घेतले. त्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. १९१९ च्या मे महिन्यात ते वारले. दरबार मूळ धरू शकला नाही, ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले. लौकिक अर्थाने हे अपयशच.

दोघांनी संस्थेला ख्रिस्तापासून वेगळे काढले, म्हणून संस्थेने केलेली निराशा ख्रिस्तापर्यंत पोचली नाही. पण या निराशेतून त्यांना मिळालेली भाषा वेगवेगळी आहे. टिळक तुकारामाच्या मार्गे ख्रिस्ताकडे आले असे स्वतःच मानीत. देवाशी भांडण्याची, त्याच्या दारी अडून बसण्याची मुभा मराठी अभंगात आहे, आणि ती त्यांनी ख्रिस्ती भजनात आणली. रमाबाईंना त्या शब्दांच्या जुन्या अर्थांचीच धास्ती होती. मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचे भाषांतर करताना त्यांनी संस्कृतप्रचुर धार्मिक परिभाषा टाळून साध्या बायाबापड्यांची मराठी शोधली. एकाने परंपरेत घर केले, दुसरीने परंपरेबाहेर अंगण झाडले.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. ज्या मुलीवर केडगावच्या मुक्ती मिशनची भिस्त होती, तीच आईआधी गेली. रमाबाईंनी भाषांतराचे काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निवर्तल्या आणि १९२४ मध्ये ते बायबल छापून पूर्ण झाले. ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. कधीकाळी पतीच्या धर्मांतराने जिचे घर मोडले होते, तिनेच त्याचे अपुरे काव्य उचलावे, यात या साऱ्या इतिहासाचे मर्म आले. निराशा संपते म्हणून श्रद्धा टिकते, असे येथे कुठेच दिसत नाही. हाती घेतलेले काम पुढे चालू राहते, आणि श्रद्धा त्या कामाच्या आश्रयाने तग धरते.