मृत्युनोंदींचा शोध (रत्नागिरी जिल्हा)

रत्नागिरी जिल्ह्यातील घराण्यांचा वंशेतिहास लिहिताना पूर्वजाची मृत्युनोंद मिळणे पुष्कळदा अवघड ठरते. मृत्यूची नोंद मूळ गावी नव्हे, तर तो जेथे घडला तेथे होते; या जिल्ह्यातील असंख्य माणसे मात्र उपजीविकेसाठी मुंबईस गेलेली होती.

शासकीय दप्तर

गावातील जुन्या नोंदी जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत (गाव नमुना १४, प्रचलित नाव ‘कोतवाल बुक’) आढळतात. त्या तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात पाहाव्या लागतात. अनेक नोंदी मोडी लिपीत असून पुष्कळांत आडनाव नसते. मुंबईतील मृत्यूंसाठी महानगरपालिकेच्या संबंधित विभाग कार्यालयात शोध घ्यावा लागतो. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरल्यावर अनेक चाकरमानी गावी परतले. त्यामुळे मुंबईत राहणाऱ्या पूर्वजाची नोंद गावीही असू शकते. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. त्यापूर्वीच्या कागदांत ‘जिल्हा रत्नागिरी’ असे लिहिलेले गाव आज त्या जिल्ह्यात असू शकते.

कौटुंबिक साधने

छापील कुलवृत्तांत आणि तीर्थोपाध्यायांच्या वह्या यांतून पिढ्यांचा क्रम कळतो. श्राद्धाची तिथी उपयुक्त असली, तरी तिच्यावरून वर्ष कळत नाही. पितृपक्षातील महालयाच्या तिथीवरून तर महिना आणि पक्षही निश्चित होत नाहीत. सवाष्ण मृत्यू पावलेल्या स्त्रीचे श्राद्ध अविधवा नवमीस करतात. ती तिची मृत्युतिथी असेलच असे नाही. तिथी अज्ञात असलेल्यांचे श्राद्ध सर्वपित्री अमावास्येस होते.

महत्त्व आणि कायदेशीर तरतुदी

मृत्यूचा पुरावा नसल्यास वारसनोंद अडते आणि सातबारा उताऱ्यावर पणजोबांचेच नाव राहते. ज्यांची वारसनोंद झाली आहे, त्यांच्या बाबतीत वारस नोंदवही (गाव नमुना ६-क) व फेरफार नोंदवही (गाव नमुना ६) यांतून मृत्यूचा काळ कळू शकतो.

नोंद न सापडल्यास जन्म-मृत्यू निबंधकाकडून अनुपलब्धता प्रमाणपत्र घेता येते. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार एक वर्षाहून अधिक विलंबाने नोंद करण्यासाठी पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागे. २०२३ च्या दुरुस्तीने हा अधिकार जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हादंडाधिकाऱ्यांनी प्राधिकृत केलेले कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे आला. अनुपलब्धता प्रमाणपत्राने केवळ त्या कार्यालयात नोंद नसल्याचे सिद्ध होते. अन्यत्र ती असण्याची शक्यता उरतेच.