मिलो: आईच्या बाजूनं आलेली ज्वारी

१९७२च्या दुष्काळाचा विषय निघाला की आमच्या आजीचा आवाज एका शब्दावर चढायचा: मिलो. रेशनवर मिळालेली, अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. दिवसभर खडी फोडून आजी घरी यायची आणि रात्री काठवटीत त्या पिठाशी झगडायची. पीठ विरी गेलेलं. आधण ओतून मळलं तरी थापताना कडा फाटायच्या, तव्यावर टाकताना निम्मी भाकरी हातातच राहायची. मग मूठभर उडदाचं पीठ मिसळायचं. तेही संपलं की सरळ घाटा.

‘जे मिळालं ते मिलो’, ही आजीची व्युत्पत्ती. झकास, पण चूक. अमेरिकेत हा शब्द त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. कोशकार बोट दाखवतात ते दक्षिण आफ्रिकेतल्या सोथो भाषेतल्या ‘माइली’कडे. माझं एवढ्यानं समाधान होत नाही. पोर्तुगीज मक्याला ‘मिल्यो’ म्हणतात. मूळ लॅटिन ‘मिलियम’, म्हणजे बारीक धान्य. या मिल्योचं दक्षिण आफ्रिकेतल्या डच वंशजांच्या तोंडी ‘मीली’ झालं. सोथो त्यांचे शेजारी. माइली ही मीलीचीच लेक असणार! अमेरिकेतही आधी हिला ‘मिलो मका’च म्हणत, हा माझा हुकमाचा पत्ता.

शब्द कुठलाही असो, दाणा आफ्रिकेचा. आपली ज्वारीही हजारो वर्षांपूर्वी तिथूनच आली. अमेरिकेत जनावरांपुढे टाकतात म्हणून आजी जिला नावं ठेवायची, ती शाळूची चुलत बहीणच होती.

पण मी चमकलो ते भलत्याच नात्यानं. संकरित बियाणं करायला असं झाड लागतं, ज्याचे परागकण वांझ आहेत. १९५४ साली टेक्सासात स्टीफन्स आणि हॉलंड यांना त्याची युक्ती सापडली: मिलोच्या पेशीद्रव्यात ‘काफिर’ नावाच्या ज्वारीची जनुकं आणली की पराग वांझ होतो. आणि हे पेशीद्रव्य पुढच्या पिढीत उतरतं ते फक्त आईकडून. भारतातली पहिली संकरित ज्वारी, सीएसएच-१, हिची मादी याच जातकुळीची.

ती आली १९६४ साली. म्हणजे आजी काठवटीपाशी मिलोला शिव्या घालत होती, तेव्हा आपल्याकडच्या ‘हायब्रीड’मध्ये मिलो शिरून आठ वर्षं झाली होती.