सदतीसला एक

आमचं कडा (ता. आष्टी, जि. बीड) घाटासाठी अजिबात प्रसिद्ध नाही. पण आमच्याच तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकची स्टीपलचेसची फायनल पळला आणि पुण्यातल्या आमच्या आयटीवाल्या मंडळींनाही पळायची हुक्की आली. सगळे ट्रेडमिलला ‘३ टक्के चढ’ लावतात. आता ३ टक्के म्हणजे नक्की किती हो?

उत्तर बोरघाटात आहे. तिथला रेल्वेचा सर्वांत तीव्र चढ सदतीसला एक, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की १ फूट वर. टक्क्यांत २.७, अंशांत जेमतेम दीड! (१०० टक्के म्हणजे ४५ अंश, सरळ भिंत नव्हे. हा घोळ फार जण करतात.)

एवढ्याशा चढासाठी काय काय करावं लागलं बघा. जेम्स बर्कलीच्या आखणीत साधारण २५ किलोमीटरमध्ये १,८३१ फूट चढायचं होतं. सरळ गेलो तर इंजिन चढणार नाही, म्हणून वळसे, २५ बोगदे, शिवाय गाडीची दिशाच उलटवणारं एक रिव्हर्सिंग स्टेशन. मजुरी थकली म्हणून १८५९ मध्ये मजुरांनी दंगा केला. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल आला आणि थोड्याच दिवसांत वारला, मग त्याच्या बायकोनं, अ‍ॅलिसनं, कंत्राट पुढे नेलं. १८६१ मध्ये तिथे ४२ हजारांच्या आसपास माणसं राबत होती. रोगराईत त्यातली किती तरी गेली, पण नावं राहिली ती साहेबांचीच. २१ एप्रिल १८६३ ला घाट सुरू झाला. रिव्हर्सिंग १९२९ मध्ये सुटलं. चढ मात्र हटला नाही, गाड्यांना मागून बँकर इंजिनं लावावीच लागली.

आपल्याला बँकर नाही :-) मिनेटी या इटालियन संशोधकानं २००२ मध्ये पळण्याच्या ऊर्जेचं समीकरण मांडलं. त्यात आकडे घातले तर २.७ टक्क्यांना सपाटीपेक्षा सुमारे १५ टक्के जास्त ऊर्जा लागते, आणि १० टक्क्यांना ६५ टक्क्यांहून जास्त. तेव्हा साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनची तयारी करताना चढावर घड्याळातला वेग बघू नका. दम बघा. ट्रेडमिलवाल्यांनी २.७ लावून अर्धा तास पळून दाखवावं, मग बोलू.

आमच्या कड्याला रेल्वे आली ती सप्टेंबर २०२२ मध्ये, बोरघाटानंतर तब्बल १५९ वर्षांनी. तेही घाट नसताना!