रानातल्या मुक्कामाचे राखणदार

अमेरिकेचे वनखाते १९०५ साली स्थापन झाले ते लाकूड व पाणी राखण्यासाठी. पुढे मोटारी आल्या आणि माणसे रानात मुक्कामाला येऊ लागली. ओरेगॉनमधील ईगल क्रीक येथे खात्याने १९१६ साली मेजे व शौचकूप बांधून त्यांची सोय केली. परंतु पाहुण्यांच्या पायांखाली व चाकांखाली माती दडपून झाडांची मुळे गुदमरतात, हे वृक्षरोगतज्ज्ञ मायनेके यांनी दाखवून दिले. वाटा, चुली, मोटारींच्या जागा आखून द्याव्यात, असे त्यांनी १९३२ साली सुचविले. त्या आखणीला हात मिळाले ते मंदीतल्या बेकार तरुणांचे. १९३३ ते १९४२ या काळात सुमारे ३० लाख तरुण सरकारी वनसेवेत राबले. महिना ३० डॉलर मिळत. त्यांतले बहुधा २५ घरी जात.

बांधणाऱ्यांची नोंद इतिहासात राहिली. दर उन्हाळ्यात राख उपसणाऱ्या, शौचकूप धुणाऱ्या हंगामी माणसांची मात्र आपण क्वचितच घेतो. २०२४ साली खात्याने पुढील वर्षासाठी, वणवा विझविणारे वगळता, हंगामी भरती थांबविल्याचे जाहीर केले, तेव्हा ही माणसे चर्चेत आली. वास्तू उभारणे हा इतिहास खरा. पण ती रोज झाडणे, हाही इतिहासच आहे, असे आम्हांस वाटते.